'चेंज' हे नाम रोजच्या वाक्यात कसं बसवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: 'चेंज'चा अर्थ माहीत आहे, क्रियापद म्हणून तो सहज वापरता येतो, पण नाम म्हणून वाक्यात आणायची वेळ आली की अडतं. 'चेंज इन' म्हणायचं की 'चेंज ऑफ'? आधी 'अ' लावायचा की नाही? 'चेंजेस' कधी? विचारणाऱ्याने स्वतःची तीन वाक्यंही दिली आहेत: 'आय डिड अ चेंज इन माय प्लॅन', 'देअर इज चेंज ऑफ द वेदर' आणि सुट्टे पैसे नाहीत या अर्थाने 'आय डोन्ट हॅव चेंजेस'. तिन्ही वाक्यं समोरच्याला कळतील, पण तिन्ही चुकलेली आहेत. प्रत्येक चुकीचं मूळ वेगळं असल्यामुळे ती तीन वाक्यं फार उपयोगाची आहेत.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना मी हा शब्द नेहमी वेगळा काढून शिकवतो. तो अवघड आहे म्हणून नव्हे, तर आपल्याला तो येतो असं सगळ्यांनाच वाटतं म्हणून. 'चेंज' आपण मराठी बोलतानाही दिवसभर वापरतो. तो इतका ओळखीचा आहे की इंग्रजी वाक्यात तो वेगळ्या शिस्तीने वागतो, हे लक्षातच येत नाही.

मूळ अडचण अशी आहे. मराठीत 'बदल'च्या आधीच्या शब्दाला आपण जवळजवळ नेहमी 'त' लावतो: हवेत बदल, योजनेत बदल, पत्त्यात बदल, नियमात बदल, वागण्यात बदल. एका प्रत्ययावर सगळं भागतं. तो बदल कसला, हे ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत हे सांगायचं काम 'चेंज'नंतर येणारं प्रिपोझिशन करतं. आपण मनातल्या 'त'चा 'इन' करून मोकळे होतो, आणि अर्ध्या वेळा तो बरोबरही येतो. म्हणून ही सवय सुटत नाही.

तर 'चेंज'नंतर काय लावायचं हे ठरवण्याआधी स्वतःला विचारा: ती गोष्ट तीच राहिली का? तीच राहिली आणि तिची अवस्था, प्रमाण किंवा रंगढंग पालटला, तर 'इन'. जुनी गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, तर 'ऑफ'. आणि कोणीतरी मुद्दाम त्या गोष्टीला हात लावला, काही घातलं, काही काढलं, काही दुरुस्त केलं, तर 'टू'.

'जॉब' हा शब्द घेऊन बघा. 'देअर हॅज बीन अ चेंज इन माय जॉब' म्हणजे नोकरी तीच आहे, पण काम बदललं आहे. जबाबदारी वाढली असेल, वेळ बदलली असेल. 'आय नीड अ चेंज ऑफ जॉब' म्हणजे मला ही नोकरीच सोडून दुसरी धरायची आहे. साहेबांना पहिलं सांगायचं असताना दुसरं वाक्य तोंडून गेलं तर काय होईल, याची कल्पना करा. मराठीत 'नोकरीत बदल' दोन्हीकडे चालून जातो.

'डॉक्टर'बाबतही तेच. 'अ चेंज ऑफ डॉक्टर' म्हणजे पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ लागला. 'अ चेंज इन द डॉक्टर' म्हणजे डॉक्टर तेच, पण ते स्वतः बदलले आहेत, आधी चिडके होते, आता शांतपणे बोलतात. 'अ चेंज ऑफ गव्हर्नमेंट' म्हणजे सत्तांतर. 'अ चेंज इन द गव्हर्नमेंट' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की सरकार तेच, आत काहीतरी हललं आहे.

या उदाहरणांत आणखी एक गोष्ट दिसेल. 'ऑफ'नंतरचं नाम बहुतेक वेळा एकवचनी आणि उघडं येतं, त्याला 'द' किंवा 'माय' लागत नाही. चेंज ऑफ जॉब, चेंज ऑफ अ‍ॅड्रेस, चेंज ऑफ नेम, चेंज ऑफ ओनरशिप, चेंज ऑफ सब्जेक्ट. 'चेंज ऑफ माय अ‍ॅड्रेस' हे ऐकताना इंग्रजी कानाला खटकतं. उलट 'इन' आणि 'टू'नंतर ठरावीक गोष्टीबद्दल बोलत असाल तर 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी यावंच लागतं: 'अ चेंज इन द वेदर', 'अ चेंज इन हिज व्हॉइस', 'चेंजेस टू द टाइमटेबल'.

आता विचारणाऱ्याचं हवामानाचं वाक्य. हवा तीच आहे, तिची तऱ्हा पालटली. म्हणून 'इन'. शिवाय 'चेंज'च्या आधी 'अ' हवा, कारण एक विशिष्ट पालट झाला आहे. आणि तो झालेला आहे, त्याचा परिणाम आत्ता जाणवतो आहे, म्हणून 'देअर इज' ऐवजी 'देअर हॅज बीन'. पूर्ण वाक्य: 'देअर हॅज बीन अ चेंज इन द वेदर.' 'अ चेंज ऑफ वेदर' असाही प्रयोग इंग्रजीत ऐकू येतो. तिथे बोलणाऱ्याच्या मनात एक हवा जाऊन दुसरी आली असं असतं, आणि म्हणून 'द' गळतो. नियम मोडलेला नाही. बोलणाऱ्याने गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे.

'टू' आपल्या लोकांच्या तोंडी सगळ्यात कमी बसलेला असतो. कामाच्या इंग्रजीत तो सगळ्यात जास्त लागतो, म्हणून त्याच्यावर थोडं थांबतो. अहवाल, करार, वेळापत्रक, डिझाइन, वेबसाइट, नियमावली, अभ्यासक्रम या सगळ्या माणसाने बनवलेल्या आणि माणसाने बदलता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांच्यात हेतुपूर्वक केलेले बदल सहसा 'चेंजेस टू' होतात. 'आय हॅव मेड अ फ्यू चेंजेस टू द रिपोर्ट.' 'प्लीज चेक द चेंजेस टू द काँट्रॅक्ट.' इथे 'इन' म्हटलं तर कोणी चूक काढणार नाही, 'चेंजेस इन द रिपोर्ट' सर्रास लिहिलं जातं. पण 'टू' लिहिल्याने बदल आपोआप झालेला नाही, कोणीतरी केला आहे, हे न सांगता कळतं. हवामान, तब्येत, स्वभाव, आवाज यांच्यासाठी 'इन'च स्वाभाविक, कारण तिथे कोणी बसून दुरुस्त्या केलेल्या नसतात.

'प्लॅन' या शब्दाला तिन्ही लागतात, आणि फरक छान दिसतो. 'देअर हॅज बीन अ चेंज ऑफ प्लॅन' म्हणजे ठरलेलं रद्द, आता दुसरंच करायचं आहे. अमेरिकन लोक इथे 'चेंज ऑफ प्लॅन्स' असं अनेकवचन पसंत करतात, ब्रिटिश लोक एकवचन. 'आय हॅव मेड अ चेंज टू द प्लॅन' म्हणजे योजना तीच, एक तपशील मी बदलला. 'अ चेंज इन द प्लॅन' मधलं आहे, बदल झाला एवढंच सांगतं. विचारणाऱ्याच्या पहिल्या वाक्यात 'इन' चालला असता. चूक 'डिड'ची आहे.

'बदल करणे' मधल्या 'करणे'चं आपण 'डू' करतो. इंग्रजीत 'चेंज' 'डू' होत नाही, 'मेक' होतो. 'आय मेड अ चेंज', 'वी आर मेकिंग सम चेंजेस', 'डोन्ट मेक एनी चेंजेस'. ऑफिसातल्या मेलमध्ये 'प्लीज डू द नीडफुल चेंजेस' असं वाक्य दिसतं, त्याची जागा 'प्लीज मेक द नेसेसरी चेंजेस' या वाक्याला द्या. कोणी सुचवलेल्या दुरुस्त्या करून झाल्या असतील तर 'आय हॅव मेड द चेंजेस यू सजेस्टेड' इतकं पुरतं.

'बदल होणे'साठीही 'हॅपन' हा पहिला पर्याय ठेवू नका. 'अ चेंज हॅपन्ड इन हिम' व्याकरणाने बरोबर आहे, पण रोजच्या बोलण्यात लोक 'देअर हॅज बीन अ चेंज इन हिम' म्हणतात, किंवा त्याहून सोपं 'ही हॅज चेंज्ड'. औपचारिक लेखनात 'अ चेंज ऑकर्ड' किंवा 'टुक प्लेस' येतं. कधी झालं ते सांगायचं असेल तर साधा भूतकाळ: 'देअर वॉज अ चेंज इन द रूल्स लास्ट यिअर.' वेळ न सांगता आजच्या परिणामाबद्दल बोलायचं असेल तर 'हॅज बीन'. 'सम चेंजेस आर देअर' हे मात्र 'काही बदल आहेत'चं सरळ रूप आहे. इंग्रजीत 'देअर' पुढे येतो: 'देअर आर सम चेंजेस.'

आणखी काही क्रियापदं या नामाबरोबर नेहमी फिरतात. बदल लक्षात येणं म्हणजे 'नोटिस अ चेंज': 'हॅव यू नोटिस्ड एनी चेंज इन हर?' घडवून आणणं म्हणजे 'ब्रिंग अबाउट चेंज'. एखादी गोष्ट मोठ्या बदलातून जाणं म्हणजे 'अंडरगो अ चेंज', पण ते लिखाणात शोभतं. मित्राशी बोलताना 'माय रूम हॅज अंडरगॉन अ चेंज' म्हटलं तर भाषण वाटेल. बदलाला विरोध करणं म्हणजे 'रेझिस्ट चेंज'. विशेषणांपैकी 'बिग', 'स्मॉल', 'सडन', 'ग्रॅज्युअल', 'माइनर', 'मेजर', 'लास्ट-मिनिट' आणि 'वेलकम' एवढी पक्की केली तरी बराच काळ पुरतील. 'अ वेलकम चेंज' म्हणजे हवाहवासा वाटणारा बदल. 'अ गुड चेंज' अगदीच चूक नाही, पण इंग्रज माणूस त्या जागी बहुधा 'अ नाइस चेंज' किंवा 'अ चेंज फॉर द बेटर' म्हणेल. बिघाड झाला तर 'अ चेंज फॉर द वर्स'.

आता 'अ'चा प्रश्न. 'चेंज' हे नाम मोजताही येतं आणि न मोजताही येतं, आणि त्यानुसार त्याचं रूप बदलतं. एक विशिष्ट, वेगळा काढून दाखवता येणारा बदल असेल तर 'अ चेंज'. असे अनेक असतील तर 'चेंजेस'. बदल ही प्रक्रिया, एक वृत्ती, एक शक्ती म्हणून बोलायचं असेल तर पुढे काहीच नाही, नुसतं 'चेंज'. 'चेंज इज डिफिकल्ट' म्हणजे बदलणं ही गोष्टच अवघड. 'द चेंज वॉज डिफिकल्ट' म्हणजे तो एक बदल, ज्याबद्दल आपण आधी बोललो, तो अवघड गेला. 'अ चेंज वुड बी नाइस' म्हणजे काहीतरी वेगळं झालं तर बरं.

सार्वजनिक जीवनातली दोन वाक्यं इथे कायमची लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी 3 फेब्रुवारी 1960 रोजी केपटाउनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संसदेपुढे भाषण केलं. त्यात ते म्हणाले, 'द विंड ऑफ चेंज इज ब्लोइंग थ्रू धिस काँटिनंट.' वसाहतींचं राज्य संपत चाललं आहे हे सांगताना त्यांनी 'अ चेंज' म्हटलं नाही. एखादा कायदा किंवा एखादं सरकार त्यांच्या मनात नव्हतं, सगळीकडे वाहणारी एक गोष्ट होती. दुसरं, 2008 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बराक ओबामा यांच्या प्रचाराची घोषणा होती 'चेंज वी कॅन बिलीव्ह इन'. तिथेही 'अ' नाही. 'अ चेंज वी कॅन बिलीव्ह इन' असं असतं तर ऐकणाऱ्याने विचारलं असतं, कोणता एक बदल? 'अ' नसल्यामुळे घोषणा मोठी झाली.

'द'चं उदाहरण हवं असेल तर गांधीजींच्या नावावर फिरणारं 'बी द चेंज यू विश टू सी इन द वर्ल्ड' घ्या. या नेमक्या शब्दांत ते त्यांच्या लिखाणात सापडत नाही, पण व्याकरण शिकायला वाक्य उत्तम आहे. 'कोणता बदल?' याचं उत्तर पाठोपाठ येतं, तुम्हाला जगात पाहायचा आहे तो. असं उत्तर वाक्यातच असलं की 'द' येतो. 'इन द वर्ल्ड' मधला 'इन' मात्र जगात या साध्या अर्थाचा आहे, तो 'सी'शी जोडलेला आहे.

'क्लायमेट चेंज'ही असाच न मोजता येणारा प्रयोग आहे. 1988 मध्ये स्थापन झालेल्या आंतरसरकारी मंडळाचं नाव 'इंटरगव्हर्नमेंटल पॅनल ऑन क्लायमेट चेंज', आणि 1992 च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं नाव 'फ्रेमवर्क कन्व्हेन्शन ऑन क्लायमेट चेंज'. दोन्हीकडे ना 'अ', ना 'द'. विद्यार्थी निबंधात 'द क्लायमेट चेंज इज अ बिग प्रॉब्लेम' लिहितात, तिथला 'द' काढून टाका.

नकारात मात्र दोन्ही रूपं चालतात आणि अर्थ सूक्ष्म बदलतो. 'देअर इज नो चेंज इन हिज कंडिशन' म्हणजे प्रकृती होती तशीच आहे. 'नो चेंजेस आर नीडेड' म्हणजे मसुद्यात एकही दुरुस्ती नको. पहिल्यात अवस्था, दुसऱ्यात मोजता येतील अशा दुरुस्त्या.

पैशांचा अर्थ वेगळाच मांडायला हवा, कारण तिथे मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो. सुट्टे पैसे किंवा दुकानदाराने परत दिलेले उरलेले पैसे या अर्थी 'चेंज' कधीच मोजला जात नाही. नाणी कितीही असोत, 'अ' नाही आणि 'चेंजेस' नाही. 'आय डोन्ट हॅव एनी चेंज.' 'डू यू हॅव चेंज फॉर धिस नोट?' 'यू गेव्ह मी द राँग चेंज.' 'कीप द चेंज', म्हणजे उरलेले तुम्हीच ठेवा. खिशात खुळखुळणारी नाणी म्हणजे 'लूज चेंज', आणि नेमकी तेवढीच रक्कम म्हणजे 'इग्झॅक्ट चेंज'. 'आय डोन्ट हॅव चेंजेस' ऐकणारा विचार करेल, कसल्या दुरुस्त्या?

आणि 'आय डोन्ट हॅव अ चेंज' म्हटलं तर? त्याचा अर्थ निघेल, माझ्याकडे बदलायला कपडे नाहीत. 'अ चेंज ऑफ क्लोद्ज' म्हणजे बदलायला घेतलेला एक जोड, आणि बोलताना 'ऑफ क्लोद्ज' गळून नुसतं 'अ चेंज' राहू शकतं. 'ब्रिंग अ चेंज ऑफ क्लोद्ज', कारण भिजायला होणार आहे. एक 'अ' असल्या-नसल्याने नाण्यांचे कपडे होतात, म्हणून या छोट्या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. प्रवासातही हे नाम मोजलं जातं: 'इट्स अ लाँग जर्नी विथ 2 चेंजेस' म्हणजे वाटेत दोनदा गाडी बदलावी लागते.

मराठीत आपण म्हणतो, 'चेंज म्हणून आज चालत जाऊ या.' हे इंग्रजीत 'अ‍ॅज अ चेंज' होत नाही. 'फॉर अ चेंज' होतं: 'लेट्स वॉक टुडे, फॉर अ चेंज.' याच शब्दांना टोमण्याचीही धार येते. 'यू आर ऑन टाइम, फॉर अ चेंज' म्हणजे आज तरी वेळेवर आलात. त्यामुळे वरिष्ठांशी बोलताना जपून. ब्रिटिश लोक 'दॅट मेक्स अ चेंज' असंही म्हणतात, नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं की. 'जरा चेंज हवा' म्हणजे 'आय नीड अ चेंज', आणि जागा बदलून हवापालट हवा असेल तर 'अ चेंज ऑफ सीन' किंवा 'अ चेंज ऑफ सीनरी'. आपल्या 'हवापालट'शी शब्दशः जुळणारं 'अ चेंज ऑफ एअर' जुन्या इंग्रजीत भरपूर सापडतं, आज ते थोडं जुनाट वाटतं.

ठरीव प्रयोगांपैकी दोन नेहमी एकमेकांत मिसळतात. 'अ चेंज ऑफ माइंड' म्हणजे निर्णय बदलला. 'अ चेंज ऑफ हार्ट' म्हणजे मन बदललं, भावना पालटली, पुष्कळदा कठोरपणा जाऊन मवाळपणा आला. आपल्या 'हृदयपरिवर्तना'च्या जवळचं, पण तितकं जड नाही. 'शी हॅड अ चेंज ऑफ हार्ट अबाउट सेलिंग द हाउस': घर विकायचं ठरवलं होतं, मन मानेना. इथे क्रियापद 'हॅव' येतं आणि विषयासाठी 'अबाउट', हे दोन्ही एकत्रच पाठ करा. 'अ चेंज ऑफ पेस' म्हणजे वेग किंवा धाटणी बदलणं.

'ऑफ' आणखी एक काम करतं, ते आकडेवारीत लागतं. बदल किती झाला ते सांगायला 'ऑफ', कशात झाला ते सांगायला 'इन': 'अ चेंज ऑफ 5 डिग्रीज इन द टेम्परेचर'. टक्केवारी असेल तर ती आधी ठेवणं सोपं: 'अ 5 पर्सेंट चेंज इन द प्राइस'. इथे एक इशारा देतो, कारण अहवाल लिहिणारे इथे घसरतात. एखादा दर 20 टक्क्यांवरून 25 टक्के झाला तर तो बदल 5 'पर्सेंटेज पॉइंट्स'चा आहे. मूळ दराच्या तुलनेत तोच बदल 25 टक्के भरतो. दोन्ही खरं आहे, पण नाव न घालता नुसतं '5 पर्सेंट' लिहिलं की खोटं होतं. कुठून कुठे गेला हे सांगायला 'फ्रॉम' आणि 'टू': 'द चेंज फ्रॉम पेपर टू स्क्रीन'. हा 'टू' मुक्काम दाखवणारा आहे, मघाच्या 'चेंजेस टू द रिपोर्ट' मधला नव्हे. 'द चेंज टू द न्यू सिस्टिम' म्हणजे नव्या पद्धतीकडे जाणं, आणि 'चेंजेस टू द न्यू सिस्टिम' म्हणजे नव्या पद्धतीत केलेल्या दुरुस्त्या. एकवचन-अनेकवचनावरून पुष्कळदा ओळखता येतं, नाहीतर संदर्भ पाहावा लागतो.

'इन' की 'ऑफ' हे आठवतच नसेल तेव्हा एक सुटका आहे: दुसरं नाम 'चेंज'च्या आधी ठेवा, प्रिपोझिशनचा प्रश्नच मिटतो. नेम चेंज, पॉलिसी चेंज, करिअर चेंज, शेड्यूल चेंज, गिअर चेंज, ऑइल चेंज. पहिलं नाम एकवचनी ठेवायचं आणि अनेकवचन दाखवायचं असेल तर ते शेवटी: 'प्राइस चेंजेस'. 'प्राइसेस चेंज' म्हटलं की ते नाम राहत नाही, 'किमती बदलतात' असं पूर्ण वाक्य होऊन जातं. ही सुटका सगळीकडे चालत नाही. 'हार्ट चेंज', 'माइंड चेंज' कोणी म्हणत नाही, ठरीव प्रयोग ठरीवच राहतात.

उलट बाजूही पाहायला हवी: मराठीत 'बदल'च्या घराण्यातले सगळे शब्द इंग्रजीत 'चेंज' होत नाहीत. नोकरदाराची 'बदली' म्हणजे 'ट्रान्सफर'. 'माय चेंज हॅज कम' म्हटलं तर ऐकणाऱ्याला सुट्टे पैसे आले असं वाटेल. 'अदलाबदल' म्हणजे 'एक्स्चेंज' किंवा बोलीत 'स्वॉप'. एकाच्या जागी आलेला बदली माणूस म्हणजे 'सबस्टिट्यूट' किंवा 'रिप्लेसमेंट'. 'कायापालट' म्हणजे 'ट्रान्स्फर्मेशन'. घटनेतली किंवा कायद्यातली दुरुस्ती म्हणजे 'अमेंडमेंट', तयार कपडा मापाला आणणं म्हणजे 'ऑल्टरेशन', यंत्रात किंवा रचनेत केलेली सुधारणा म्हणजे 'मॉडिफिकेशन'. एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा मधला काळ म्हणजे 'ट्रान्झिशन'. 'व्हेरिएशन' जपून वापरा, कारण त्यात कमी-जास्त होत राहण्याचा अर्थ आहे. तापमान रोज थोडं वर-खाली होतं ते 'व्हेरिएशन', एकदा वाढून तिथेच राहिलं तर 'चेंज'. या सगळ्यांऐवजी बोलताना 'चेंज' म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी निभावतं. लिहिताना मात्र नेमका शब्द वापरावा असं माझं मत आहे.

आणखी एक मत, जे मी वर्गात आग्रहाने मांडतो. हे नाम नीट शिकल्यावर ते कुठे वापरू नये हेही शिका. 'देअर हॅज बीन अ चेंज इन द टाइमिंग ऑफ द मीटिंग' हे वाक्य निर्दोष आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून उपयोगाचं काही कळत नाही. 'द मीटिंग इज नाउ अ‍ॅट 4' लिहिलं की काम झालं. 'वी मेड अ चेंज टू द डिझाइन' पेक्षा 'वी चेंज्ड द डिझाइन' सरळ आहे. नाम तेव्हा वापरा, जेव्हा बदलाबद्दलच काही सांगायचं असतं: तो मोठा होता, अचानक होता, कोणाला नको होता, त्याने काय झालं. 'इट वॉज अ स्मॉल चेंज, बट एव्हरीवन नोटिस्ड.' या वाक्यात नामाशिवाय चालणारच नाही.

उच्चाराबद्दल थोडंसंच. एकवचन 'चेंज' एका झटक्यात, एकच अवयव, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'सिलॅबल' म्हणतात तो. अनेकवचनात दोन अवयव होतात आणि शेवटचा ध्वनी 'स' नसून 'झ'कडे झुकणारा असतो, 'चेंजिझ'. आपण मराठीत म्हणतो तसं 'चेंजेस' म्हटलं तरी कळतं, पण ऐकताना इंग्रजी माणसाचं 'चेंजिझ' तुम्हाला ओळखता आलं पाहिजे.

सरावासाठी नियम घोकू नका. तुमच्या आयुष्यात खरोखर बदललेल्या गोष्टी आठवा आणि प्रत्येकीचं एक वाक्य लिहा. घर बदललं असेल तर 'ऑफ', झोपेची वेळ बदलली असेल तर 'इन', एखाद्या फॉर्ममध्ये तुम्ही दुरुस्ती केली असेल तर 'टू'. लिहिताना 'चेंज' एकटा कधीच लिहू नका, त्याच्या आधीचं क्रियापद, 'अ' किंवा 'द', आणि नंतरचं प्रिपोझिशन असा सगळा गुच्छ एकत्र लिहा आणि मोठ्याने म्हणा: 'मेड अ चेंज टू', 'नोटिस्ड अ चेंज इन', 'नीड अ चेंज ऑफ'. मग बातमी वाचताना किंवा ऐकताना हा शब्द आला की तिथे क्षणभर थांबून त्याच्यामागे काय आलं ते पाहा. 'इन' आला तर काय टिकून राहिलं, आणि 'ऑफ' आला तर कोणाची जागा कोणी घेतली, हे स्वतःला विचारा.